सोमवती अमावास्येची साक्ष

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२१ जुलै २०२४, गुरुपौर्णिमा

ती. कुसुमताईस विमलचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात हिमानीच्या सुपारीलाही येता आलं नाही. माझ्या एकुलत्या एका भाचीची सुपारी फुटली आणि मी इकडे यांच्या डोळ्यात थेंब टाकत बसले. इच्छापूरचं घर चांगलं, केळीचा व्यापार मोठा, नवरामुलगा मोहित शांत आहे, एवढं तू लिहिलंस तेच वाचून मी देवापुढे साखर ठेवली. फोन केला असता, पण आमच्याकडे फोनवर बोललं की घरातले सगळे हातातलं काम सोडून ऐकत बसतात. तुझ्याकडेही तेच. पत्राला कान नसतात.

आता बातमी. मला कोर्टाचा समन्स आला आहे. घाबरू नको, मी काही केलेलं नाही! आमच्या कोपऱ्यावर फुलं घेऊन बसते ती मथुराबाई, तिला गेल्या दिवाळीच्या आधी एका गाडीनं उडवलं होतं. मी तिथंच दूर्वा निवडत उभी होते. बाई बेशुद्ध पडली, पाय मोडला, अजून लंगडते. पोलिसांना मी तेव्हाच सांगितलं होतं की नावगाव मला माहीत नाही, पण ज्यानं चालवली त्याला पाहिलं तर ओळखीन. आता २ सप्टेंबरला बोलावलंय.

सूनबाई सायली म्हणाली, "आई, कोर्ट कसं असतं ते आधी बघून तर घ्या," आणि मला सिनेमाला घेऊन गेली. लग्नानंतर थेटरात पाय ठेवला तो हा चौथ्यांदा. माझ्या हिशेबाच्या वहीत करमणूक असं खातंच नाही, शेवटी 'कोर्टकचेरी' असं नवं खातं उघडून त्यात लिहिलं.

पण ताई, काय सिनेमा! एक वकीलबाई, दिवसा कोर्टात भांडते आणि रात्री साडी खोचून गोदामाच्या भिंतीवरून उड्या मारते. समोरचा वकील हरला तर भर कोर्टात आपली डिग्री फाडतो. एक म्हातारी मौसी असते, तिनं सगळं पाहिलेलं असतं, पण घराण्याच्या इज्जतीसाठी ती पिंजऱ्यात उभी राहून म्हणते, "मुझे कुछ याद नहीं." झालं, बिचारा निर्दोष माणूस फाशी जाणार, जजसाहेब सही करणार, तेवढ्यात दार धाडकन उघडतं आणि आत कोण येतो? मेलेला माणूस! ज्याच्या खुनाची केस चाललेली तोच, स्वतःच्या फोटोला घातलेला हार हातात घेऊन! लोक शिट्ट्या मारत होते. मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. घरी येताना मात्र डोक्यात आलं की जजसाहेबांनी एवढंसुद्धा विचारलं नाही, बाबा रे, मग आम्ही जाळलं कुणाला?

तू पाहिलास तर लिही. भाऊजींना नमस्कार, हिमानीला आशीर्वाद.

तुझी विमल

•

सावदा
२९ जुलै २०२४

चि. विमलला ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि त्याच रविवारी हिमानीनं आम्हाला तो सिनेमा दाखवला, जळगावला जाऊन. तुझ्या भाऊजींना मधेच झोप लागली, मेलेला माणूस आला तेव्हा लोकांच्या ओरडण्यानं जागे झाले आणि म्हणाले, "हा कोण?" मी म्हटलं, "तुम्ही झोपा."

मला सगळ्यात आवडली ती मौसी. तू तिच्याबद्दल दोन ओळीत लिहून मोकळी झालीस, पण खरं काम तिचंच आहे. बघ ना, ती खरं बोलली असती तर एक घर उघड्यावर पडलं असतं. ती "आठवत नाही" म्हणाली आणि शेवटी काय झालं? निर्दोष सुटला, घराण्याची इज्जत राहिली, पोरीचं लग्नही वाजलं. म्हणजे बाईमाणसाची शहाणीव त्यात. बोलणं सगळ्यांनाच येतं, गप्प बसणं एखादीलाच जमतं.

तुझ्या साक्षीचं म्हणशील तर मला काही कळत नाही, पण इतके महिने झाले. गर्दी, आरडाओरडा, त्यात तुझी नजर दूर्वांवर. तुला नक्की आठवतं का? आपल्या वयात आठवतं असं वाटतं, ते सगळंच आठवत नसतं. कोणाच्या लेकरावर उगीच बालंट यायला नको. मोठी बहीण म्हणून सांगितलं.

हिमानीचं लग्न डिसेंबरात धरायचं चाललंय. इच्छापूरची माणसं फार चांगली आहेत. फार म्हणजे फारच.

तुझी ताई

•

बुधवारा, बुऱ्हाणपूर
८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस नमस्कार.

मौसीवरून तुझं-माझं बिलकुल पटायचं नाही! अगं, तिच्या गप्प बसण्यानं कोणी सुटलं नाही. मेलेला माणूस चालत आला म्हणून सुटलं. लिहिणाऱ्यानं त्याला आणला नसता तर मौसीच्या शहाणपणानं तो गरीब लटकला असता आणि मौसी घरी जाऊन चहा प्याली असती. सिनेमात तीन तासांत सगळं निस्तरतं. मजा येते, पैसे वसूल होतात. पण खऱ्याला असा माणूस कुठून आणायचा?

सायली हे ऐकून म्हणाली, "आई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मॅट्रिकनंतर बाबांनी लग्न लावलं, नाहीतर मीपण भिंतीवरून उड्या मारल्या असत्या.

आणि मला नीट आठवतं गं. गाडी चालवणारा पिवळ्या शर्टाचा, कोवळा पोरगा होता. उतरून बाजूला उभा राहिला आणि फोनवर बोलत बसला. शेजारच्या सीटवरचा माणूस चाळिशीतला, तो धावत आला, मथुराबाईचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. दोघांचेही चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आहेत. कोणावर बालंट येणार नाही, तू काळजी करू नको.

एकच घोळ झालाय. २ सप्टेंबर पंचांगात बघ. पोळा तर आहेच, पण सोमवार आणि अमावास्या, म्हणजे सोमवती! माझं मौन असतं, पहाटेपासून संध्याकाळी पिंपळाला दिवा लावेपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हापासून मोडलेलं नाही, हर्षलच्या वेळेला कळा सुटल्या तरी मोडलं नव्हतं. पण त्या सिनेमात पाहिलंस ना, पहिल्या तारखेला साक्षीदाराला नुसतं बसवून ठेवतात. म्हणून मी ठरवलं, जायचं, हजेरी लावायची आणि परत यायचं. बोलायचं ते पुढच्या तारखेला.

तुझी विमल

•

सावदा
५ सप्टेंबर २०२४

माझी लाडकी विमल,

काय लिहू? तीन दिवस झाले, मी देवघरातून उठले नाही. तू केलंस! ताईचा शब्द राखलास.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लिहिते. ती गाडी इच्छापूरची होती. आपल्या व्याह्यांची. केस ड्रायव्हरवर आहे, गोटू त्याचं नाव. पण त्या दिवशी गाडी चालवत होता रितेश, मोहितचा धाकटा भाऊ. परवाना नव्हता, वय कोवळं. घाबरून गेले सगळे, गोटू म्हणाला मी अंगावर घेतो, त्याच्या घरची सोय ते बघतातच. साक्षीदारांत तुझं नाव निघालं तेव्हा विहीणबाई माझ्याकडे येऊन रडल्या. तुला सरळ लिहायला माझा हात धजेना, म्हणून मौसीचं निमित्त केलं. मला वाटलं तुला कळलंच नाही. पण तू तर मौसीपेक्षा वरचढ निघालीस! विहीणबाई परवा कोर्टात होत्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणे सरकारी वकिलानं विचारलं, जजसाहेबांनी विचारलं, तू तोंडातून शब्द काढला नाहीस. नुसती हात जोडून उभी. विहीणबाई म्हणाल्या, "अशी बहीण सगळ्यांना मिळो."

त्यांनी तुझ्यासाठी साडी पाठवली आहे, माणूस घेऊन येईल. ठेवून घे, नाही म्हणू नको. पुढच्या तारखेलाही असंच जमव म्हणजे झालं.

तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही.

तुझी ताई

•

बुधवारा, बुऱ्हाणपूर
१० सप्टेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

अगं, मी मौनात होते! आठ ऑगस्टच्या पत्रात लिहिलं होतं ना? तू ते वाचलंस की मौसीच्या रागात पुढचं पान उलटलंच नाहीस?

ऐक, काय झालं ते. मी बाकावर बसले, जपमाळ पदराखाली. वाटलं नाव पुकारतील, हजेरी लागेल. तर एकदम पिंजऱ्यात बोलावलं आणि शपथ घ्या म्हणाले. मी हात जोडले. "नाम बताइए." मी हात जोडले. "माताजी, सुनाई देता है?" मी मान हलवली. मग सायलीनं मागून सांगितलं की साहब, आज इनका मौन है, सोमवती है. सगळं कोर्ट हसलं. जजसाहेब मात्र हसले नाहीत, भला माणूस. म्हणाले, लिहून देता येईल का? तर माझा चष्मा घरी देवापुढे! शेवटी त्यांनी पुढची तारीख लिहिली, २४ सप्टेंबर, आणि म्हणाले, "माताजी, अगली बार पंचांग देखकर हम तारीख देंगे." माताजी! मी सत्तावन्नची आहे.

पण त्याच वेळी माझी नजर आरोपीवर गेली. पिंजऱ्याजवळ उभा कोण? ज्यानं मथुराबाईला मांडीवर घेतलं तो! आणि दाराशी एका बाईच्या शेजारी उभा तो पिवळ्या शर्टवाला. ताई, माझ्या गळ्यात शब्द असे येऊन आपटत होते की काय सांगू. त्या सिनेमात याच जागी बाईनं किंचाळायचं असतं. आणि मी देवाचं नाव घेत दात आवळून उभी! ती बाई माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. मला वाटलं, मथुराबाईची कोणी नातलग असेल. ती तुझी विहीण.

साडी आली होती. मी तशीच परत दिली, घडी मोडली नाही. माणसाला चहा पाजला.

गोटूला दोन मुली आहेत म्हणे. ज्यानं पाणी पाजलं तोच दोषी ठरणार, हे मला माहीत असून मी कोणत्या तोंडानं फुलं वाहू? हिमानी माझीही लेक आहे. पण मला विचारलं तर मी जे पाहिलं तेच सांगणार. तू आधी सरळ लिहिलं असतंस तरी हेच उत्तर दिलं असतं, फक्त परत आलेल्या साडीची तुझी अडचण टळली असती.

तुझी विमल

•

सावदा
१६ सप्टेंबर २०२४

विमल,

आई गेली तेव्हा तू नववीत होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुझ्या लग्नात आईच्या जागी मी पाटावर बसले. ते सगळं मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते.

लग्न मोडलं तर हिमानीला पुन्हा कोण विचारेल? सुपारी फुटलेली मुलगी. लोक म्हणतील, मावशीनंच घात केला. रितेश पोरगा आहे, चूक झाली. गोटूची तक्रार नाही, मथुराबाईची तक्रार नाही, तिला तर कोणी चालवली ते माहीतही नाही. मग तक्रार तुझ्या एकटीचीच का? तुझा देव फार कडक आहे बाई. माझा देव लेकरांचं बघतो.

तुला जे करायचं ते कर. मला परत पत्र लिहायचं असेल तर २४ तारखेनंतर लिही. त्याआधी मला काही वाचायचं नाही.

कुसुम

•

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२७ सप्टेंबर २०२४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तू म्हटल्याप्रमाणे २४ तारखेनंतर लिहिते.

मी सांगितलं.

कसं झालं ते तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. वीज चमकली नाही, दार उघडलं नाही, कोणी डिग्री फाडली नाही. पंखा खडखडत होता आणि एक वकील बाहेर उभ्या माणसाला खुणेनं चहा सांगत होता. मी शपथ घेतली आणि पहाटे आंघोळ करून निघाले तिथपासून सांगायला लागले, तर जजसाहेब म्हणाले, "माताजी, सीधे सड़क पर आइए." मग सरकारी वकिलानं गोटूकडे हात करून विचारलं, "गाड़ी यही चला रहा था?" मी म्हटलं, "नहीं साहब, ये तो बाजू में बैठा था. इसने पानी पिलाया." वाटलं, आता सगळे श्वास रोखतील. तर टाइप करणाऱ्या मुलीनं मान वर करून विचारलं, "बाजू लिखूँ या बगल?"

कोणी चालवली, ओळखाल का, म्हणाले. मी म्हटलं, मागच्या बाकावर बसला आहे, आणि बोट दाखवलं. तुला माहीत आहे, सांधेदुखीनं माझं हे बोट वाकडं. सगळे वळून एका वकिलाकडेच बघायला लागले, तो बिचारा उठून उभाच राहिला! मग मला शब्दांत सांगावं लागलं, निळा शर्ट, तिसरा. रितेश खाली बघत होता. ताई, खरंच पोरगा आहे तो. ओठावर धड मिशी नाही. मला त्याची दया आली, पण माझं वाक्य पूर्ण केलं.

दुसरे वकील उठले. "उस परिवार से आपका कोई रिश्ता है?" मी सांगितलं, माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी त्यांच्याच घरी दिली आहे, डिसेंबरात लग्न आहे. ते थोडा वेळ कागद चाळत राहिले आणि बसले.

बाहेर आल्यावर गोटू पाया पडेल असं तुला वाटत असेल तर तसं नाही. तो रागावला होता. म्हणाला, "काकी, आपने तो मेरी नौकरी खा ली." मी म्हटलं, माझ्या पोराचा हार्डवेअरचा टेम्पो आहे, ये, बोलते. तो तसाच निघून गेला. अजून आलेला नाही.

मला आनंद झालेला नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही. तू माझ्या वेण्या घातल्यास ते मी विसरलेले नाही. तुझं दुःख मला कळतं आणि तरी पुन्हा उभं केलं तर पुन्हा तेच सांगेन. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

हिमानीच्या लग्नात मी नको असेन तर नाही येणार, तोंडावर हसू ठेवून घरी बसेन. फक्त मोडलं की राहिलं, एवढं एका कार्डावर कळव. मोडलं असेल तर मात्र मी उद्याच येईन, तू दार लाव नाहीतर उघड.

तुझी विमल

•

सावदा
१६ नोव्हेंबर २०२४

विमल,

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, पत्र लिहिलं नाही. तुझी वाट बघून डोळे दुखले असतील, दुखू दे.

तू गेलीस साक्ष देऊन घरी. इथं काय झालं ते ऐक. विहीणबाईंचा निरोप आला, लग्न थांबवा. हिमानी दोन दिवस खोलीतून आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, मोहितला फोन लावला आणि माझ्या देखत विचारलं, "मावशी खोटं बोलली का?" तो म्हणाला, "नाही. मी घरात होतो, मला माहीत होतं." पोरीनं विचारलं, "उद्या मी गाडीनं कोणाला धक्का दिला तर माझ्या जागी कोणाला उभं करणार?" आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. मी तुला इतक्या शिव्या दिल्या की तुझे भाऊजी म्हणाले, हळू, पितर जेवायला आलेत.

चार दिवसांनी मोहित एकटा आला, बसनं. त्यांच्या गावच्या इच्छादेवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर आईला बसवून म्हणे त्यानं सांगितलं की रितेशनं स्वतः जाऊन कबूल करावं, नाहीतर तो घर सोडेल. घरात काय रणकंदन झालं ते मी लिहीत नाही. रितेशनं कबूल केलंय. नवीन वकील केलाय, केस चालणार, लांबणार. मथुराबाईच्या पायाचा खर्च ते देणार म्हणतात, देतील तेव्हा खरं. गोटूला त्यांनी काढून टाकलं. तो तुमच्या टेम्पोवर लागला हे हिमानीकडून कळलं, तू काही लिहिलं नाहीस. मीच तुझ्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं म्हणा.

लग्न आहे. १४ डिसेंबर, इथंच. विहीणबाईंनी अट घातली होती की तुमची बहीण मांडवात दिसता कामा नये. हिमानीनं त्यांना काही न बोलता पत्रिकेत मावशीचं नाव सगळ्यात वर छापून घेतलं. पत्रिका वाटून झाल्या आहेत, आता काय करतात? तुला त्यांच्या समोरच्या पंगतीत बसवणार आहे, जेवण घशाखाली गेलं तर बघ.

एक सांगते, तू बरोबर होतीस असं माझ्या तोंडून निघणार नाही. माझ्या पोरीला त्या घरात पहिलं वर्ष कसं जाईल, या विचारानं मला झोप नाही, आणि ते तुझ्यामुळे. हे सगळं मला तुला तोंडावर सांगायचं आहे, पत्रात मावत नाही आणि पाहुण्यांच्या गर्दीत जमणार नाही. म्हणून लग्नाच्या दहा दिवस आधी ये. एकटीच ये. वरची खोली झाडून ठेवते.

पहिले चार दिवस मी बोलेन. मधे बोलायचं नाही. पुढचे चार तू बोल. मग दोघी मिळून हळद दळू.

तुझी ताई